ईमान, शंका आणि मागे चालणे

ज्याच्या मनात शंका आहे, त्याला ईमानवाला म्हणता येईल काय? आणि ज्याच्या मनात शंका नाही, पण जो एक पाऊलही उचलायला तयार नाही, त्याला काय म्हणावे? हे दोन प्रश्न आपल्याकडे क्वचितच शेजारी ठेवले जातात. पहिला प्रश्न वारंवार विचारला जातो, तोही बहुधा दुसऱ्याच्या बाबतीत. कॉलेजात जाणारा एखादा मुलगा तकदीरविषयी काही विचारतो, एखादी मुलगी निकाह-तलाकच्या मसल्यामागचे कारण विचारते, आणि घरातली वडीलधारी माणसे चिंतेने म्हणतात, याचे ईमान कमजोर झाले. दुसरा प्रश्न कोणी विचारत नाही. नमाजी, दाढी राखलेला, चारचौघांत मान असलेला माणूस व्यवहारात कसा वागतो हा त्याचा खासगी मामला समजला जातो. त्याच्या ईमानाची चर्चा होत नाही.

या दोन्ही प्रश्नांचा एकत्र विचार करताना आपल्याला शेजारच्या एका परंपरेची मदत होऊ शकते. ख्रिस्ती लोकांमध्ये रोज शुभवर्तमानातला एक लहानसा उतारा वाचून त्यावर मनन करण्याची पद्धत आहे. कॅथलिक चर्चमध्ये हे उतारे कोणी मनाला येईल तसे निवडत नाही. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर 1969 साली नवी वाचनमाला ठरली. तिच्यानुसार रविवारची वाचने तीन वर्षांच्या चक्रात येतात. एक वर्ष मत्तयचे, एक मार्कचे, एक लूकचे. आठवड्यातल्या इतर दिवसांची शुभवर्तमानाची वाचने दरवर्षी त्याच क्रमाने येतात. म्हणजे वसईच्या एखाद्या गावातील चर्चमध्ये सकाळच्या मिस्साला जो उतारा वाचला जातो, बहुधा तोच त्या दिवशी मनिला आणि रोममध्येही वाचला जातो. प्रोटेस्टंट पंथांतही अशा रीती आहेत. जर्मनीतील हेर्नहुट येथील मोरावियन समाजाने 1728 साली रोज एक वचन घेऊन दिवस काढण्याची प्रथा सुरू केली, ती आजही चालू आहे.

या पद्धतीचे वैशिष्ट्य उतारा लहान असण्यात आहे. आठ-दहा ओळी वाचायच्या, पुन्हा वाचायच्या, आणि स्वतःला विचारायचे की या प्रसंगात मी कोण आहे. बाराव्या शतकातील ग्विगो नावाच्या मठवासीयाने याच्या चार पायऱ्या सांगितल्या: वाचन, मनन, प्रार्थना आणि शांत चिंतन. सोळाव्या शतकात इग्नेशियस लोयोलाने त्यात भर घातली ती प्रसंग डोळ्यांपुढे उभा करून स्वतः त्यात उभे राहण्याची. वाचणाऱ्याने येशूच्या जागी उभे राहायचे नसते. त्याने गर्दीत, आजाऱ्यांत किंवा शिष्यांत आपली जागा शोधायची असते.

मराठीला हे परके नाही. फादर थॉमस स्टीफन्स यांचे 'ख्रिस्तपुराण' 1616 साली राचोलला छापले गेले, ते मराठी ओव्यांत आहे. पंडिता रमाबाईंनी मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून केलेले बायबलचे मराठी भाषांतर त्यांच्या निधनानंतर 1924 साली प्रसिद्ध झाले. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या 'सुबोध बायबल'ला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला, आणि जानेवारी 2020 मध्ये उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिवला भरलेल्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते. 2024 मध्ये ते गेले. तेव्हा आपण ज्या भाषेत वाचतो-लिहितो, तिच्यातच हे सारे उपलब्ध आहे.

मुसलमान वाचकाला यात काय घ्यायचे, असा प्रश्न येईल, आणि तो रास्त आहे. हजरत ईसा (अ.) आपले पैगंबर आहेत, बीबी मरयम यांच्या नावाची सूरह कुरआनात आहे, इंजीलचा उल्लेख आदराने आहे. त्याच वेळी ईसांना अल्लाहचा पुत्र मानणे आपल्याला मान्य नाही, आणि त्यांना सुळावर चढवले गेले हेही कुरआन नाकारतो. हा फरक मोठा आहे आणि सौजन्यापोटी तो झाकण्याचे कारण नाही. ख्रिस्ती माणसालाही तो झाकलेला आवडणार नाही. पण जिथे प्रश्न माणसाच्या मनाचा आहे, विश्वास म्हणजे काय आणि मागे चालणे म्हणजे काय असा आहे, तिथे शेजाऱ्याचे वाचन ऐकून आपलेच ग्रंथ आपल्याला नव्याने वाचता येतात. आमचा हेतू एवढाच आहे.

आता वाचनमालेतले दोन उतारे घेऊ. दोन्ही मार्कच्या शुभवर्तमानातले आहेत. चर्च ज्याला सामान्य काळ म्हणते, त्याच्या सातव्या आठवड्याच्या सोमवारसाठी एक नेमला आहे आणि आठव्या आठवड्याच्या सोमवारसाठी दुसरा. क्रमाने वाचणाऱ्याला ते अगदी जवळजवळ भेटतात.

पहिल्या उताऱ्यात एक बाप आपल्या मुलाला घेऊन येतो. मुलाला लहानपणापासून झटके येतात. तो कधी आगीत पडतो, कधी पाण्यात. येशूच्या शिष्यांनी त्याला बरे करण्याचा प्रयत्न केला, पण त्यांना जमले नाही. बाप येशूला म्हणतो, तुम्हाला काही करता येत असेल तर आमच्यावर दया करा. त्याच्या या 'असेल तर'वर येशू त्याला टोकतो. विश्वास ठेवणाऱ्याला सर्व शक्य आहे असे सांगतो. त्यावर बाप रडून ओरडतो की आपला विश्वास आहे, आणि जिथे तो नाही तिथेही आपल्याला मदत करावी. एकाच श्वासात तो विश्वासाची कबुली देतो आणि अविश्वासाचीही. त्याला परत पाठवले जात नाही. मुलगा बरा होतो.

दुसऱ्या उताऱ्यात एक श्रीमंत माणूस धावत येऊन येशूपुढे गुडघे टेकतो आणि चिरंतन जीवन मिळण्यासाठी काय करावे, असे विचारतो. येशू त्याला आज्ञांची आठवण देतो: खून करू नये, व्यभिचार करू नये, चोरी करू नये, आईबापांचा मान राखावा. तो म्हणतो, हे सारे मी लहानपणापासून पाळत आलो आहे. येशू त्याचे म्हणणे खोडत नाही. मार्क तर लिहितो की येशूला त्याच्याविषयी प्रेम वाटले. मग येशू सांगतो की एका गोष्टीची उणीव आहे. आहे ते विकून गरिबांना दे आणि माझ्यामागे ये. त्या माणसाचा चेहरा उतरतो. तो दुःखी होऊन निघून जातो, कारण त्याच्याकडे पुष्कळ मालमत्ता होती.

हे दोन उतारे शेजारी ठेवले की एक गोष्ट लक्षात येते. ज्याच्या मनात शंका होती तो थांबला. ज्याच्या मनात शंकेचा मागमूस नव्हता, ज्याने सर्व आज्ञा पाळल्या होत्या, तो निघून गेला. श्रीमंत माणसाने देव आहे की नाही, आज्ञा खऱ्या आहेत की नाही, यातले काहीही विचारले नव्हते. त्याची अकीदा पक्की होती. त्याला मागे चालता आले नाही, इतकेच. शिष्यत्वाची कसोटी इथे मनातल्या निश्चितीवर लावलेली नाही. माणूस कुणाकडे तोंड करून उभा आहे आणि हातातले काय सोडायला तयार आहे, यावर ती लावली आहे.

आता आपल्या घरात येऊ. कुरआनात हजरत ईसांच्या शिष्यांना हवारी म्हटले आहे. अल्लाहच्या कामी मदतगार होण्याची तयारी दाखवणारे म्हणून त्यांचा गौरव आहे, आणि ईमानवाल्यांना त्यांचा नमुना घालून दिला आहे. पण याच हवारींनी ईसांना विचारले की तुमचा रब आमच्यासाठी आकाशातून अन्नाने भरलेले ताट उतरवू शकेल काय. ईसांनी त्यांना अल्लाहचे भय बाळगायला सांगितले. हवारी म्हणाले, आम्हाला त्यातून खायचे आहे आणि आमच्या दिलाला इत्मिनान हवा आहे. यानंतर ईसांनी त्यांना हाकलले नाही. त्यांनी हात पसरून तेच मागितले. सूरह माइदाचे नावच या ताटावरून पडले आहे. त्याहून मोठे उदाहरण हजरत इब्राहीम (अ.) यांचे. मेलेल्यांना तू कसा जिवंत करतोस ते मला दाखव, असे त्यांनी अल्लाहला म्हटले. तुझे ईमान नाही काय, असा प्रश्न आला. ईमान आहे, पण दिलाच्या समाधानासाठी विचारतो, असे त्यांनी सांगितले. ज्यांना आपण खलीलुल्लाह म्हणतो, त्यांनी हा प्रश्न केला आणि त्याला उत्तर मिळाले.

हदीसमध्येही असे दाखले आहेत. सहीह मुस्लिममध्ये आहे की काही सहाबी प्रेषितांकडे (स.) आले आणि म्हणाले की आमच्या मनात असे विचार येतात, जे तोंडावाटे काढणेसुद्धा आम्हाला भयंकर वाटते. प्रेषितांनी (स.) त्यांना सांगितले की हेच तर उघड ईमान आहे. म्हणजे शंका येऊन जी तळमळ होते, ती ईमानाचीच खूण ठरली. हजरत हंजला (रजि.) यांची हकिकत तशीच. प्रेषितांच्या (स.) सहवासात असताना जन्नत-दोजख डोळ्यांपुढे दिसते आणि घरी बायकामुलांत, कामधंद्यात गेलो की सारे विसरायला होते, म्हणून आपण मुनाफिक झालो असे त्यांना वाटू लागले. हजरत अबू बक्र (रजि.) यांनी ऐकले आणि म्हणाले, माझेही असेच होते. दोघे प्रेषितांकडे (स.) गेले. उत्तर असे मिळाले की सदासर्वकाळ तशीच अवस्था राहिली असती, तर फरिश्त्यांनी रस्त्यांत तुमच्याशी हात मिळवला असता; पण माणसाची एक घडी अशी असते आणि एक घडी तशी.

इथे कोणी विचारील की कुरआनाने शंकेचा निषेध केला आहे, त्याचे काय? निषेध जरूर केला आहे. सूरह हुजुरातमध्ये खरे ईमानवाले सांगताना, ईमान आणल्यावर जे शंकेत पडले नाहीत, असे म्हटले आहे. पण ते वाक्य तिथेच थांबत नाही. ज्यांनी आपल्या मालाने आणि जिवाने अल्लाहच्या मार्गात कष्ट घेतले, हे त्याच आयतीत जोडून आले आहे. त्याच्या आधीची आयत आणखी बोलकी आहे. आम्ही ईमान आणले असे म्हणणाऱ्या अरबांना सांगितले आहे की तुम्ही अधीन झालो असे म्हणा, ईमान अजून तुमच्या दिलात उतरलेले नाही. सूरह तौबामध्ये ज्यांच्या शंकेचा निषेध आहे, ते मोहिमेवर न जाता घरी राहण्याची परवानगी मागणारे लोक आहेत. कष्ट टाळायचे आहेत आणि त्यासाठी मन डळमळीत ठेवायचे आहे, अशी ती शंका आहे. ती इब्राहीमांच्या प्रश्नासारखी नाही. एका शंकेचे तोंड अल्लाहकडे आहे, दुसरीची पाठ. शब्द दोन्हींना एकच वापरला की घोटाळा होतो.

ईमान कमी-जास्त होते की नाही, यावर आपल्या इमामांत मतभेद आहे. इमाम अबू हनीफा यांच्या मते ईमान म्हणजे मनाची साक्ष आणि तोंडची कबुली. मूळ ईमान वाढत-घटत नाही, आमल ही वेगळी बाब आहे. इमाम शाफई आणि हदीसचे विद्वान आमललाही ईमानात धरतात, आणि ते ताबेदारीने वाढते, गुनाहने घटते असे मानतात. महाराष्ट्रात बहुसंख्य मुसलमान हनफी आहेत आणि कोकणातले शाफई. म्हणजे ही दोन्ही मते आपल्या राज्यात शेजारी नांदतात. हनफी मताच्या मागे एक मोठी करुणा आहे. गुनाहगाराला उम्मतीच्या बाहेर ढकलण्याचा अधिकार ते कोणाला देत नाही. शाफई मताच्या मागे एक मोठी ताकीद आहे. कलमा पढला म्हणजे काम संपले, असे ते मानू देत नाही. दुर्दैव असे की व्यवहारात आपण करुणा स्वतःसाठी वापरतो आणि ताकीद दुसऱ्यासाठी. आपल्या आमलांतली खोट आपल्या ईमानाला लागत नाही, पण समोरच्याच्या एका प्रश्नाने त्याचे ईमान धोक्यात येते.

शुभवर्तमानाच्या रोजच्या मननाचा उपयोग आम्हाला इथे दिसतो. त्यात शिष्य फार प्रामाणिकपणे दाखवले आहेत. पीटर पाण्यावर चार पावले चालतो आणि वारा पाहून बुडू लागतो. याकोब आणि योहान मानाच्या जागा मागतात. येशू रात्री प्रार्थना करत असताना सगळे झोपी जातात. कोंबडा आरवण्याआधी पीटर तीनदा ओळख नाकारतो. ज्यांना चर्चने आपले आधारस्तंभ मानले, त्यांची ही चित्रे चर्चने पुसली नाहीत. दरवर्षी ती वाचली जातात. वाचणाऱ्याला बुजुर्गांचा अभिमान बाळगून मोकळे होता येत नाही. आपण यातले कोण, हे त्याला पाहावे लागते. आपल्याकडे मिलादच्या बयानांत सहाबांच्या त्यागाच्या गोष्टी आपण भारावून ऐकतो, ते योग्यच आहे. पण अबू बक्रांनी (रजि.) माझेही असेच होते म्हटल्याचे किती बयानांत ऐकू येते? मशिदीत रोज असर किंवा इशानंतर थोडे वाचन होते, दर्स-ए-कुरआन होतो. साधन आपल्याकडेही आहे. इमाम गजालींनी 'इह्या उलूमिद्दीन'मध्ये मुराकबा आणि मुहासबा, म्हणजे मनावर नजर ठेवणे आणि स्वतःचा हिशोब घेणे, यावर स्वतंत्र प्रकरण लिहिले आहे. वाचलेली आयत किंवा हदीस आपल्याच हिशोबाच्या वहीत उतरवणे, एवढेच राहून जाते.

रोजचे मननही यांत्रिक होते, हे ख्रिस्ती विचारवंत मान्य करतात. जर्मन धर्मगुरू डीट्रिख बॉनहोफर यांनी 1937 साली शिष्यत्वावर पुस्तक लिहिले. जर्मन नावाचा अर्थच 'मागे चालणे' असा आहे. त्यांची तक्रार अशी होती की चर्चने देवाची कृपा स्वस्त केली. पश्चात्तापाशिवाय क्षमा आणि मागे चालण्याशिवाय विश्वास वाटला जाऊ लागला. तेव्हा जर्मनीत हिटलरची सत्ता होती आणि रोज बायबल वाचणारी असंख्य घरे गप्प होती. बॉनहोफर हिटलरविरोधी कटात सामील झाले आणि 9 एप्रिल 1945 रोजी फ्लॉसेनबुर्ग येथे त्यांना फाशी दिले गेले. मागे चालणे या अर्थाचा शब्द कुरआनातही आहे, इत्तिबा. अल्लाहवर प्रेम असेल तर पैगंबरांच्या मागे चाला, असे तिथे सांगितले आहे. प्रेमाचा पुरावा म्हणून घोषणा मागितलेली नाही, चालणे मागितले आहे.

तर मग आपल्या समाजात हे चालणे कुठे अडते, ते नाव घेऊन सांगायला हवे. सूरह निसाने मुलींचा वारसाहक्क आकड्यांत ठरवून दिला आहे. हिस्से सांगून झाल्यावर या अल्लाहच्या मर्यादा आहेत, असेही बजावले आहे. यात अर्थ लावण्याला फारशी जागा नाही. तरीही बापाच्या मयतीनंतर बहिणींकडून हक्कसोडपत्रावर सही घेण्याची रीत आपल्या किती घरांत आहे, हे ज्याने त्याने आठवावे. बहीण सही करते, कारण माहेर तुटण्याची तिला भीती असते. लग्नात खर्च केला की, असे भाऊ म्हणतो. याला कोणी ईमान कमजोर होणे म्हणत नाही. भावाच्या मनात कुरआनाविषयी तिळभर शंका नसते. तो लहानपणापासून सर्व पाळत आलेला असतो. त्या श्रीमंत माणसाला गाठायला यापलीकडे काय हवे? फरक इतकाच की तो दुःखी होऊन गेला होता, आणि आपण चेहरा न उतरवता घरी येतो.

वाचनमालेत वर्ष संपत आले की, नोव्हेंबरच्या सुमारास, जक्कयचा उतारा येतो. तोही श्रीमंत होता, जकात-नाक्यावरचा मोठा अधिकारी, लोकांच्या तिरस्काराचा विषय. ठेंगणा असल्यामुळे येशूला पाहायला झाडावर चढला. त्याच्या अकीदेविषयी लूक काहीही सांगत नाही. येशू त्याच्या घरी उतरतो आणि जक्कय उभा राहून सांगतो की अर्धी मालमत्ता गरिबांना देईन, आणि कोणाचे फसवून घेतले असेल तर चौपट परत करीन. त्या दिवशी त्या घराला तारण मिळाले, असे येशू म्हणतो. देवळात बसणाऱ्याला जे जमले नाही ते नाक्यावरच्या माणसाला जमले.

म्हणून सुरुवातीच्या दोन प्रश्नांचे आमचे उत्तर असे आहे. शंका असलेला माणूस ईमानवाला असू शकतो, जोवर तो आपली शंका घेऊन अल्लाहच्या दारात उभा आहे. निःशंक माणसाला मात्र आपल्या ईमानाविषयी जरा अधिक काळजी वाटली पाहिजे, जर त्याला कशावरूनही हात उचलावा लागलेला नसेल. प्रश्न विचारणाऱ्या मुलाला उत्तर देता येत नसेल, तर निदान त्याच्याजवळ बसावे. त्याचा प्रश्न इब्राहीमांच्या प्रश्नाच्या कुळातला असू शकतो. आणि ज्या घरात बहिणीचे हक्कसोडपत्र कपाटात ठेवलेले आहे, त्या घरात आज रात्री सूरह निसाची ती आयत मराठी तर्जुम्यासह मोठ्याने वाचावी, बहिणीला फोन करावा, आणि तिचा हिस्सा किती होतो ते कागदावर मांडावे.